चेसिसच्या कामाचं लेव्हल टेबल: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

आमची शेड जालन्यात. पाण्याच्या टँकरची आणि टिपरची सब-फ्रेम (ट्रकच्या मूळ सांगाड्यावर, म्हणजे चेसिसवर, बसणारी वेगळी फ्रेम) बनवणं हे मुख्य काम, सीझनला उसाच्या ट्रॉल्याही असतात. मागच्या थंडीत सहा मीटरचं लोखंडी टेबल उभं केलं आणि तेव्हापासून सगळं काम त्यावरच चाललंय. टेबल कसं बनवायचं याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. बनवल्यावर ते लेव्हलमध्ये राहतं का, हे मात्र कुणी सांगत नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीवर ते राहत नाही. त्यामुळे टेबल किती जड आहे यापेक्षा ते किती लवकर पुन्हा लेव्हलला आणता येतं, हेच मी आता बघतो.

रचना साधी आहे. आयएसएमबी २०० चे (आय आकाराचे, २०० मिलिमीटर उंचीचे) दोन बीम, मध्ये आयएसएमसी १०० चे (सी आकाराचे, १०० मिलिमीटरचे) आडवे चॅनेल, खाली पायांच्या चार जोड्या. बीम भंगाराच्या भावात मिळाले. जालन्यात लोखंडाला तोटा नाही, पण जुना बीम घेताना पीळ बघूनच घ्यावा. एका टोकाला बसून डोळा लावायचा. जवळच्या आणि लांबच्या टोकाची फ्लँज (बीमची वरची-खालची आडवी पट्टी) एका रेषेत दिसली पाहिजे. वाक जॅक लावून काढता येतो, पीळ काढता काढता नाकी नऊ येतात.

चार जोड्या बघून बरेच जण म्हणतात, दोन टोकांना पाय दिले असते तरी चाललं असतं. हिशोब करून बघा. असा सहा मीटरचा बीम फक्त टोकांवर ठेवला तर स्वतःच्या वजनानेच मध्ये जवळजवळ १ मिलिमीटर बसतो. दोन्ही बीमवर मिळून मध्यभागी अर्धा टन आला, तर आणखी अडीच मिलिमीटर. म्हणजे रिकामं असताना केलेली लेव्हल काम चढवलं की गेली. दर दोन मीटरवर आधार असला की हा प्रश्न उरत नाही.

प्रत्येक पायाखाली एम २४ चा बोल्ट आहे, तो जमिनीवरच्या प्लेटवर नुसता टेकतो. या बोल्टचा पिच ३ मिलिमीटर, म्हणजे षटकोनी माथ्याची एक बाजू फिरवली की पाय बरोबर अर्धा मिलिमीटर वर किंवा खाली. पोरांना मिलिमीटर समजावत बसावं लागत नाही. ‘तिसरा पाय, दोन बाजू वर’ एवढं ओरडलं की काम होतं. वर चेक नट (बोल्ट जागेवर धरणारा जादा नट) घट्ट करायला विसरायचं नाही, हातोड्याच्या हादऱ्याने बोल्ट फिरतात.

लेव्हल काढायला गवंड्याची पारदर्शक नळी वापरतो. नळीत बुडबुडा नको आणि नळीचा अर्धा भाग उन्हात, अर्धा सावलीत नको; गरम पाणी हलकं होऊन वर चढतं आणि फसवतं. जवळच्या अंतराला स्पिरिट लेव्हल. ती एकदा ठेवून वाचायची, मग डावं टोक उजवीकडे येईल अशी फिरवून तिथेच ठेवायची. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच बाजूला तेवढाच सरकला तर उतार टेबलाचा, बाजू बदलली तर दोष लेव्हलमध्येच.

पिळासाठी दोरीसारखं हत्यार नाही. चार कोपऱ्यांवर सारख्या जाडीचे तुकडे ठेवून दोन दोऱ्या तिरप्या ताणायच्या. मध्यभागी दोऱ्या एकमेकींना नुसत्या शिवल्या पाहिजेत. मग वरची दोरी खाली, खालची वर करून पुन्हा बघायचं.

एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं, ‘भाऊ, ट्रक कुठं लेव्हलमध्ये चालतो? मग टेबलाची एवढी कामून काळजी?’ त्याचं अर्धं खरं आहे. टेबल एका बाजूला सरळ उतरतं असलं तरी फ्रेम सरळ बनते, फक्त टेबलात पीळ नको. पण टेबल लेव्हलमध्ये असलं की प्रत्येक क्रॉस मेंबरवर (फ्रेमच्या आडव्या तुकड्यावर), ब्रॅकेटवर बुडबुड्याची लेव्हल थेट ठेवून बघता येते, दरवेळी टेबलावरून मापं घ्यावी लागत नाहीत. आमचा सगळ्यात जास्त वेळ इथे वाचला. गुण्या आणि कर्णाची तपासणी मात्र सुटत नाही. फ्रेमची एक लांब बाजू दुसरीपेक्षा ३ मिलिमीटर पुढे सरकली तर दोन कर्णांत साधारण ६ मिलिमीटरचा फरक येतो, त्यामुळे कर्णात चूक लपत नाही.

आता ऊन. शेडची पश्चिमेची बाजू उघडी आहे. मे महिन्यात दुपारनंतर ऊन थेट टेबलाच्या माथ्यावर येतं, खालची फ्लँज सावलीत राहते. वर-खाली दहा अंशांचा फरक पडला तरी एवढा बीम मध्ये अडीच मिलिमीटरच्या आसपास वर उचलायला बघतो. सकाळी मधल्या पायांखाली वहीचा कागद सरकत नाही, दुपारी चारला तोच कागद आरपार जातो. म्हणून उन्हाळ्यात टाके (तुकडे जागेवर धरणारे छोटे वेल्ड) सकाळी मारायचे, दुपारी पूर्ण वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. उन्हाळ्यात भेगा पडलेली माती पाणी पिऊन फुगते आणि वरचा पातळ कोबा घेऊन वर येते. पत्र्याचं पाणी पडतं त्या कोपऱ्यातला पाय सगळ्यात जास्त उचलला गेला, सहा-सात बाजू खाली घ्यावा लागला. मधले पाय फारसे हलले नाहीत. नवीन शेड बांधणाऱ्याने पायांखालचे खड्डे मुरूम लागेपर्यंत खोदून तिथून काँक्रीट वर आणावं आणि ते कोब्यापासून सुटं ठेवावं. भाड्याच्या शेडमध्ये हे शक्य नसेल तर निदान पन्हाळ तरी लावा.

तक्रारी दोन. वेल्डिंगचे शिंतोडे माथ्यावर चिकटतात, रोज खरवडावं लागतं. आणि वेल्डिंग मशीनचा अर्थिंगचा चिमटा टेबलाला लावला तर करंट जॉब धरणाऱ्या बोल्टमधून जाऊन आटे खराब होऊ शकतात, म्हणून चिमटा थेट जॉबलाच (बनत असलेल्या फ्रेमलाच) लावायचा हे पोरांना रोज सांगावं लागतं. जॉब टेबलाला टाक्याने धरणं आम्ही बंद केलं. माथ्याला भोकं पाडून बोल्टच्या क्लीट (जॉब दाबून धरणारे तुकडे) लावल्या. टाका तोडून घासत बसण्यापेक्षा हे बरं.

टेबल चांगलं आहे म्हणून मूळ चेसिसवर हवी तशी कापाकापी करायला मोकळीक मिळत नाही, हेही सांगून ठेवतो. आरसीवरच्या (गाडीच्या नोंदणीपत्रावरच्या) नोंदीत फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ त्यासाठीच आहे. आम्ही सब-फ्रेम वेगळी बनवतो आणि चेसिसच्या फ्लँजला वेल्डिंग लावत नाही.

महिन्याला एखाददुसरी फ्रेम करणाऱ्याने एवढा खर्च करू नये, चार घोड्या (काम ठेवायचे स्टँड) आणि दोरीवर त्याचं भागेल. आमच्यासारखं रोजचं काम असेल तर बनवा, फक्त पाय फिरते ठेवा. पश्चिमेला पत्रा मारून घ्यायचं आमचं अजून राहिलंय, ते होळीच्या आत उरकायचंय.