म्यूट करायचं की ऑल चॅटच बंद ठेवायचं?

ऑनलाइन गेममध्ये समोरच्या टीमचा कोणी चॅटवर शिव्या द्यायला लागला की म्यूट हा पटकन होणारा उपाय आहे, बाकीच्यांशी बोलणं चालू राहतं, पण तोवर पहिली शिवी वाचून झालेली असते आणि मॅचच्या मधे मेनू उघडावा लागतो ते वेगळंच. ऑल चॅट, म्हणजे दोन्ही टीमना दिसणारं चॅट, आधीच बंद असेल तर हा त्रासच नाही. लीग ऑफ लेजेंड्स या गेमने 2021 मध्ये ते सगळ्यांसाठीच बंद केलं होतं, टीम चॅट मात्र ठेवलं. ऑल चॅट बंद ठेवलं की समोरच्या टीमला म्हणायचं शेवटचं 'मस्त खेळलात' पण जातं, आणि मला ते खरंच महत्त्वाचं वाटतं. तरी नवीन खेळणाऱ्याला मी आधी बंदच ठेवायला सांगेन. आणि म्यूट केलंत तरी रिपोर्ट कराच, नाहीतर तो पुढच्या मॅचमध्ये दुसऱ्या कोणाला तरी छळणार.