वऱ्हाडी कापसाचे डेनिम : परदेशात स्वतःचे दालन की दुसऱ्याच्या दुकानात जागा?

वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांत कापूस, जिनिंग (सरकी काढून रुई मिळवणे) आणि कापड यांचे हिशेब पाहण्याचे काम मी बारा वर्षांपासून करतो. आपल्याच भागातल्या कापसाची जीन्स शिवून ती स्वतःच्या नावाने विकणाऱ्या लहान उद्योजकांनी गेल्या दोन वर्षांत मला एकच प्रश्न तीनदा विचारला : परदेशी ग्राहक आपल्या मालाला चांगला भाव देतो, तर लंडन, पॅरिस किंवा टोकियोत स्वतःचे मुख्य दालन उघडावे काय? महिन्याला साधारण ६०० नग तयार करणारे, पंचवीसेक शिलाई यंत्रांचे युनिट डोळ्यांपुढे ठेवून हा आढावा लिहिला आहे. तुलना चार पर्यायांची आहे : परदेशात स्वतःचे दालन, तिथल्या निवडक दुकानांना घाऊक विक्री, संकेतस्थळावरून थेट पार्सल, आणि मुख्य दालन आपल्याच मुलखात.

दालनाची बाजू आधी मांडतो, कारण तिच्यात तथ्य आहे. कोरे, म्हणजे न धुतलेले डेनिम अंगावर चढवून पाहिल्याशिवाय ग्राहकाला त्याची खरी कल्पना येत नाही. कापड आधी आकसवून घेतलेले नसेल तर पहिल्या धुण्यात ते दहा टक्क्यांपर्यंत आटू शकते, त्यामुळे कोणते माप घ्यावे हे सांगणारा जाणता माणूस समोर असावा लागतो. पायाची दुमड साखळी टाक्याने घालून देणे, गुडघ्यावर विरलेली जीन्स रफू करून देणे, या कामांमुळे ग्राहक पुन्हा पुन्हा येतो. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे २००१ मध्ये सुरू झालेल्या न्यूडी जीन्स या ब्रँडने आपली दुकाने दुरुस्तीची दुकाने म्हणूनच उभी केली आणि आपल्या जीन्सची दुरुस्ती मोफत ठेवली. शिवाय स्वतःच्या दालनात आपला माल दुसऱ्या दहा ब्रँडांच्या रांगेत हरवत नाही आणि मधल्या दुकानदाराचा वाटाही वाचतो.

आता हिशेब पाहू. पुढील आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी स्वतःचे आकडे घालावेत. लंडनमध्ये एक नग १८० पाउंडांना विकला, तर त्यातला २० टक्के व्हॅट वजा जाता १५० पाउंड हाती राहतात. उत्पादन, वाहतूक आणि शुल्क मिळून ४५ पाउंड धरले तर १०५ पाउंड उरतात. दालनाचे भाडे, स्थानिक कर, तीन माणसांचे पगार, वीज आणि विमा यांचा खर्च महिन्याला १८,००० पाउंड धरला, तर केवळ तो भरून निघण्यासाठी महिन्याला १७२ नग, म्हणजे २६ दिवस दुकान उघडे ठेवून दिवसाला सहा ते सात नग विकले गेले पाहिजेत. ज्याचे नाव त्या शहरात कोणी ऐकलेले नाही, त्याच्यासाठी पहिल्या वर्षी हे प्रमाण मला फार अवघड वाटते.

हाच खर्च आपल्या कापसाशी लावून पाहिला की खरे प्रमाण कळते. एका क्विंटल कापसापासून साधारण ३४ किलो रुई निघते, आणि सूतकताई व कटाईतली घट धरून तिच्यातून ढोबळमानाने ३० ते ३५ जीन्स होतात. वर्षाच्या ७,२०० नगांसाठी सव्वादोनशे क्विंटल कापूस पुरतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या भावाने हा सगळा कापूस सुमारे १८ लाख २५ हजार रुपयांचा होतो. पाउंड ११५ रुपयांचा धरला तर लंडनच्या दालनाचा एका महिन्याचा खर्च २० लाख ७० हजार रुपये येतो. म्हणजे आसपासच्या गावांतून वर्षभराचा कापूस हमीभावाने विकत घेण्याला जेवढे पैसे लागतात, त्याहून जास्त पैसे तिथे एका महिन्यात जातात. हा आकडा मी ज्यांना ज्यांना कागदावर मांडून दाखवला, त्यांनी तो पुन्हा एकदा स्वतः मोजून पाहिला.

पैशाचे वेळापत्रकही जुळत नाही. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन पहिली वेचणी झाली की दिवाळीच्या मागेपुढे कापूस घरात येतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात शेतकऱ्याला रोख चुकारा द्यावा लागतो. तो चुकला तर पुढच्या वर्षी त्याचा कापूस दुसऱ्याच्या जिनिंगमध्ये जातो, आणि आपल्या मालामागची खरी गोष्टच संपते. त्या कापसाचे सूत, सुताचे कापड आणि कापडाची जीन्स होऊन ती विकली जाईपर्यंत आठ-दहा महिने सहज जातात. लंडनमधील दुकानाचे भाडे मात्र बहुधा दर तिमाहीला आगाऊ द्यावे लागते. पॅरिसमध्ये व्यापारी जागेचा करार साधारणपणे नऊ वर्षांचा असतो आणि भाडेकरूला दर तीन वर्षांनी बाहेर पडता येते. म्हणजे पहिल्या हंगामातच अंदाज चुकल्याचे लक्षात आले तरी तीन वर्षांचे भाडे डोक्यावर राहते. याशिवाय परदेशात कंपनी काढणाऱ्या भारतीय कंपनीला २०२२ चे परदेशी गुंतवणुकीचे नियम लागू होतात : गुंतवणुकीला निव्वळ मालमत्तेच्या ४०० टक्क्यांची मर्यादा आहे आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत बँकेमार्फत कामगिरीचा अहवाल द्यावा लागतो. हे काम अशक्य नाही, पण त्यासाठी दोन देशांत हिशेबनीस लागतात.

घाऊक विक्रीत नगामागचा नफा कमी असतो, हे खरे आहे. १८० पाउंडांच्या जीन्ससाठी दुकानदार आपल्याला ६८ च्या आसपास देईल. ३८ पाउंड खर्च वजा जाता ३० उरतील. परंतु बारा दुकानांनी एका हंगामात प्रत्येकी ४० नग घेतले, तर दोन हंगामांत २८,८०० पाउंड, म्हणजे ३३ लाखांच्या वर रक्कम मिळते, आणि त्यासाठी परदेशात एक चौरस फूट जागाही भाड्याने घ्यावी लागत नाही. २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या सेल्फ एज या दुकानाने अनेक लहान जपानी ब्रँड अमेरिकी ग्राहकांपर्यंत पोहोचवले. अशा दुकानात येणारा माणूस जाडजूड कोरे डेनिम शोधतच आलेला असतो, त्यामुळे तो गिऱ्हाईक आपल्याला नव्याने घडवावा लागत नाही. धोका उधारीचा आहे. मी हिशेब पाहत असलेल्या एका युनिटचे पैसे परदेशातील एका दुकानाने ९० दिवसांच्या बोलीवर अडकवले आणि ते अकराव्या महिन्यात आले. त्या काळात कारागिरांचे पगार कर्ज काढून झाले. म्हणून पहिल्या व्यवहारात किमान तिसरा हिस्सा आगाऊ घ्यावा आणि ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात पत विमा काढावा.

देश निवडताना शुल्काकडे लक्ष हवे. अमेरिकेने भारतीय मालावरील अतिरिक्त शुल्क एप्रिल २०२५ मध्ये १० टक्के, ७ ऑगस्टला २५ टक्के आणि २७ ऑगस्टला ५० टक्के केले. पाच महिन्यांत असा बदल झाला, तेव्हा घाऊक विक्रेत्याला आपला माल दुसऱ्या देशाकडे वळवता येत होता. तिथे दालन असलेल्याला तो पर्याय नव्हता. जपानशी मात्र १ ऑगस्ट २०११ पासून व्यापार करार लागू आहे आणि त्याचा लाभ आपल्या कपड्यांना मिळतो. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या करारातही कपड्यांवरील शुल्क शून्यावर आणण्याची तरतूद आहे. त्यामुळे घाऊक विक्रीसाठी मी जपान आणि ब्रिटन यांना अमेरिकेच्या आधी ठेवेन.

संकेतस्थळावरून थेट विक्री हा पूरक मार्ग म्हणून चांगला आहे, आणि डाकघर निर्यात केंद्रांमुळे तालुक्याच्या गावाहूनही पार्सल परदेशी पाठवता येते. मात्र माप चुकल्यामुळे परत येणारा प्रत्येक नग नफा खाऊन टाकतो. २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफीही काढून टाकली, आणि भारतीय टपालाची त्या देशासाठीची पार्सल सेवा काही आठवडे जवळपास बंद होती. सगळा व्यवसाय या एकाच वाटेवर ठेवू नये.

चौथ्या पर्यायाबद्दल मला सर्वांत जास्त आस्था आहे. जपानमधील कोजिमा हा समुद्र हटवून मिळवलेल्या खारट जमिनीचा भाग. तिथे भात नीट होईना म्हणून लोकांनी कापूस लावला, पुढे शाळेचे गणवेश शिवले आणि १९६० च्या दशकात जीन्स शिवायला घेतली. आज तिथल्या एका ओस पडत चाललेल्या बाजारपेठेत जीन्सची दुकाने थाटलेली आहेत आणि परदेशी ग्राहक मुद्दाम तिथवर प्रवास करून जातात. वेल्समधील कार्डिगन या चार हजार वस्तीच्या गावात आठवड्याला ३५,००० जीन्स करणारा कारखाना २००२ मध्ये बंद पडला. २०१२ मध्ये हायट डेनिम या लहान कंपनीने त्याच गावातल्या कारागिरांना घेऊन पुन्हा सुरुवात केली आणि आपला माल मुख्यतः संकेतस्थळावरून विकला. दोन्ही ठिकाणी ग्राहकाने गावाच्या नावाचीही किंमत मोजली.

आपल्याकडे त्याहून कमी काय आहे? यवतमाळजवळ लोहाऱ्याला डेनिमची मोठी गिरणी आहे, वर्ध्यात गांधीजींच्या हस्ते १९३८ मध्ये सुरू झालेले मगन संग्रहालय आजही खादी आणि नैसर्गिक रंगाचे काम करते, सेवाग्रामला देशविदेशांतून माणसे येतात आणि ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो. सेवाग्राम रस्त्यावर एक दालन असावे, त्याच्या मागे शिलाई चालू दिसावी, आणि नोव्हेंबरात आलेल्या पाहुण्याला शेतात नेऊन वेचणी दाखवता यावी. परदेशी दुकानाचा खरेदीदारही एकदा इथे येऊन गेला, तर त्याला पुढच्या मागणीसाठी वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा आहे की पहिले मुख्य दालन इथेच उभारावे, जपान आणि ब्रिटनमध्ये मिळून पाच-सहा दुकानांपासून घाऊक विक्री सुरू करावी, आणि कोणत्या शहरात किती नग गेले व कुठून किती नग दुरुस्तीला आले याची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. एकाच शहरात सलग दोन वर्षे वर्षाला हजारावर नग जाऊ लागले आणि तिथूनच दुरुस्तीची मागणी दर आठवड्याला येऊ लागली, तर त्या शहरात आधी सहा महिन्यांच्या भाड्याने एक लहान दुरुस्तीची खोली घ्यावी, इथला एक कारागीर आणि साखळी टाक्याचे एक यंत्र तिथे पाठवावे, आणि लांब मुदतीच्या दालनाचा करार त्या सहा महिन्यांची वही पाहून मगच करावा.