अशनीतील पाण्याचा माग: अवरक्त की रामन?

कोकणातील महाविद्यालयात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी कार्बनयुक्त अशनीतील जलबाधित (पाण्यामुळे बदललेली) खनिजे निवडणाऱ्या विद्यार्थ्याला आधी हे ठरवावे लागते, की हाती आलेले चिमूटभर चूर्ण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषला जातो हे दाखवणाऱ्या अवरक्त वर्णपटमापकाकडे न्यावे की विखुरलेल्या प्रकाशावरून खनिज ओळखणाऱ्या रामनच्या लेसरखाली. २०१७ च्या जूनमध्ये जयपूरजवळ पडलेला मुकुंदपुरा आणि १९६९ चा ऑस्ट्रेलियातील मर्चिसन हे दोन्ही अशनी सीएम या कार्बनयुक्त गटातील आहेत. त्यांच्या मूळ लघुग्रहावर बर्फ वितळले, ऑलिव्हीन या कोरड्या खनिजाचे सर्पेंटाइन हे पाणी सामावणारे खनिज झाले, आणि हा बदल कितपत झाला हेच बहुधा मोजायचे असते.

या प्रश्नाला अवरक्त पद्धत थेट उत्तर देते. ऑलिव्हीनचा ठळक पट्टा ११.२ मायक्रॉनजवळ दिसतो आणि जलबाधा वाढत जाते तसा शोषणाचा भर १० मायक्रॉनकडे सरकतो. पाण्याच्या तीन मायक्रॉनजवळच्या पट्ट्याचा मोह मात्र आमच्या किनाऱ्यावर आवरावा लागतो. जुलैत चूर्ण पोटॅशियम ब्रोमाइड या ओल शोषणाऱ्या क्षारात मिसळून त्याची पेलेट दाबून काढली, की काचेसारखी स्वच्छ चकती उपकरणापर्यंत नेईतो दुधाळ होऊ लागते आणि वर्णपटात प्रति सेंटीमीटर ३४०० च्या (म्हणजे तीन मायक्रॉनच्याच) आसपास रुंद उंचवटा उभा राहतो. ते पाणी लघुग्रहावरचे नव्हे, खिडकीबाहेरच्या पावसाचे. खुद्द अशनीचे चूर्णही हवेतील ओल शोषून घेते. म्हणून नमुना निर्वातात तापवून तेथेच मोजण्याची सोय नसेल, तर या पट्ट्यावरून पाण्याचे प्रमाण सांगू नये. डिसेंबर २०२० मध्ये लघुग्रह र्‍युगूहून आलेले सुमारे ५.४ ग्रॅम नमुने हवेपासून जपले गेले, म्हणूनच त्यांचा २.७२ मायक्रॉनजवळचा खनिजातच बांधलेल्या हायड्रॉक्सिलचा (ऑक्सिजन-हायड्रोजन जोडीचा) अरुंद पट्टा निःशंकपणे वाचता आला.

रामनला दमट हवेची फारशी अडचण नाही, कारण पाण्याचे रामन प्रकीर्णन क्षीण असते. घासून चकचकीत केलेल्या कापावर मायक्रॉनभर ठिपका निवडता येतो आणि कॅल्साइटची बारीक शीर प्रति सेंटीमीटर १०८६ च्या शिखरावरून ओळखता येते. पण काळ्या, सूक्ष्मकणी आधारद्रव्यात सर्पेंटाइनचा संकेत प्रतिदीप्तीत (लेसरमुळे नमुन्यातून निघणाऱ्या पसरट उजेडात) बुडतो, कार्बनचेच पट्टे वर येतात, आणि लेसरची शक्ती जरा वाढली तर मॅग्नेटाइटचे हेमाटाइट होऊन आपणच खनिज बदलून बसतो.

म्हणून माझे मत असे, की एकूण जलबाधा मोजायची असेल तर आधी अवरक्तच घ्यावे, तेही पेलेट टाळून हिऱ्याच्या एटीआरवर (चूर्ण नुसते हिऱ्यावर दाबून मोजण्याच्या जोडणीवर) आणि १० मायक्रॉनच्या पट्ट्यावर विसंबून. कोणते खनिज नेमके कोठे साचले हे पाहायचे असेल तर रामन. अशनीला हात लावण्यापूर्वी मात्र दारातल्या जांभ्याचे चूर्ण मोजावे. ते भट्टीत वाळवले की रुंद उंचवटा खाली बसतो, आणि जांभ्यातल्या केओलिनाइट या चिकणमातीच्या खनिजाची प्रति सेंटीमीटर ३६२० व ३६९५ जवळची टोकदार शिखरे जागची हलत नाहीत; हवेतली ओल आणि खनिजातले हायड्रॉक्सिल यांतला फरक असा आधीच ओळखीचा होतो.