कुठल्याच पक्षाचे नसाल तर मत कुणाला? घरी बसणं, नोटा, अपक्ष आणि त्यातल्या त्यात बरा

आधीच सांगतो, मी कुठल्याच पक्षाचा नाही. वडील आयुष्यभर पंजावाले, मामा कट्टर शिवसैनिक, त्यामुळे दिवाळीला दोघं एकत्र बसले की दोन्ही बाजूंचं सगळं कानावर पडायचं आणि दोघांचंही थोडं थोडं पटायचं. २०१९ ला विधानसभेला मी एका उमेदवाराला मत दिलं, पक्ष बघून नाही, माणूस कामाचा वाटला म्हणून. ज्यांच्या विरोधात तो गावोगाव मतं मागत फिरला त्यांच्याच सोबत महिनाभरात सत्तेत बसला, आणि २०२२ च्या जूनमध्ये पुन्हा उलटा फिरला. म्हणजे माझं एकच मत दोन वेगवेगळ्या सरकारांना वापरलं गेलं, आणि दोन्ही वेळा मला कुणी विचारलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, खरं सांगतो.

तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतात की बाबा तू काय करतोस, आम्हाला कुणीच नको वाटतंय. म्हणून चारही पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघू. पण त्याआधी एक गोष्ट, कारण बरेच जण म्हणतात की पक्ष फोडाफोडी करतात ते सोड, निदान आर्थिक धोरण बघून तरी एक बाजू निवड. मी तोच प्रयत्न केला होता.

कर्जमाफी घ्या. २०१७ ला फडणवीस सरकारने दीड लाखापर्यंतची कर्जमाफी केली, जाहीर आकडा ३४,०२२ कोटींचा. २०१९ च्या डिसेंबरात ठाकरे सरकारने दोन लाखांपर्यंतची केली. २०२४ च्या निवडणुकीत परत दोन्हीकडून कर्जमाफीचं आश्वासन. म्हणजे तीन वेळा तेच औषध, मग आजार बरा का होत नाही यावर प्रचारात कुणी बोलायला तयार नाही.

कांद्याचं तर मी डोळ्याने बघितलंय. माझा मेव्हणा येवल्याकडचा, २०२३ च्या डिसेंबरात केंद्राने निर्यातबंदी केली तेव्हा त्याचा लाल कांदा काढणीला आला होता. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने ठेवता येतो, भाव पडला तर शेतकरी थांबू शकतो, पण लाल कांदा टिकत नाही, काढला की विकायलाच लागतो. त्यामुळे भाव धाडकन पडला तरी ट्रॉली भरून बाजार समितीत न्यावीच लागली, आणि लिलावात पुकारलेला भाव ऐकून तो काहीच बोलला नाही, नुसता ट्रॉलीला टेकून उभा राहिला. मी शेजारीच होतो, मला त्याच्याकडे बघवेना. राग येऊन मी म्हटलं यांना पाडायलाच पाहिजे, तर मेव्हणाच म्हणाला की दाजी, २०१० च्या डिसेंबरात पण बंदी झाली होती की, तेव्हा दिल्लीत दुसरे होते. खरं आहे ते, तेव्हा काँग्रेसच्या यूपीएचं सरकार होतं. शहरात कांदा महागला की शेतकऱ्याच्या मानेवर पाय ठेवायचा, हे धोरण दोन्ही बाजूंचं.

आणि लाडकी बहीण. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना महिन्याला १,५०० मिळतात, त्यातून त्यांची बीपीची गोळी आणि गॅस सुटतो, त्यामुळे या पैशाला नावं ठेवणारा मी नाही. पण २०२४ मध्ये महायुती म्हणाली २,१०० देऊ, महाविकास आघाडी म्हणाली ३,००० देऊ, आणि ते कुठून आणणार याचा हिशोब मला तरी एकाही जाहीरनाम्यात सापडला नाही. २०२५-२६ च्या राज्याच्या बजेटमध्ये या योजनेला ३६,००० कोटी ठेवले, २,१०० काही झाले नाहीत, महसुली तूट ४५,८९१ कोटी दाखवली आणि राज्यावरचं कर्ज सव्वानऊ लाख कोटींच्या पुढे जाणार असं सांगितलं. महसुली तूट म्हणजे घरच्या भाषेत, पगारात किराणा-लाइटबिल पण भागत नाही आणि महिनाअखेरीला उसने घ्यायचे. त्यात कुठली नवीन वस्तू येत नाही घरात.

फरक कुठेच नाही असं नाही. पण आहे तिथे तो मुंबईच्या मेट्रो-३ च्या गाड्या उभ्या करायच्या कारशेडसारखा, एका सरकारने आरेतून कांजूरला नेली, कोर्टात अडकली, दुसऱ्या सरकारने परत आरेत आणली, मधली वर्षं गेली ती गेलीच. तर पक्ष बघून आर्थिक धोरण निवडता येतं, हे माझ्यापुरतं तरी संपलं.

आता पर्याय. घरी बसणं आणि नोटा, म्हणजे मशीनवरचं 'यापैकी कुणीही नाही' हे बटण, हे दोन लोक एकाच माळेत ओवतात, पण तसं नाहीये. घरी बसलात तर तुमचं नाव त्या ढिगात जातं ज्यात बदली होऊन गेलेले, वारलेले पण यादीत राहिलेले, सुट्टी म्हणून फिरायला गेलेले सगळे असतात. तुम्ही चिडून गेला नाहीत की झोपला होता म्हणून गेला नाहीत, हे कुणालाही कळणार नाही. नोटाचं निदान मोजलं जातं, निकालपत्रात आकडा छापून येतो. हा हक्क पण सहज नाही मिळाला, आधी ४९-ओ नावाचा नियम होता त्यात मतदान केंद्राध्यक्षाला तोंडी सांगून रजिस्टरवर सही करावी लागायची, म्हणजे बूथवर बसलेल्या सगळ्या पोलिंग एजंटना कळायचं की हा कुणालाच देत नाहीये. गावात हे करून दाखवा. सुप्रीम कोर्टाने २७ सप्टेंबर २०१३ ला निकाल दिला तेव्हा कुठे गुप्तपणे नकार देता यायला लागला.

पण नोटाचा प्रॉब्लेम असा की विधानसभा-लोकसभेला त्याने काहीही अडत नाही. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या नंबरवर होता, साडेसत्तावीस हजार मतं, निवडून येणारा आरामात आला. पलूस-कडेगावला पण तेच, २०,६३१ मतं घेऊन नोटा दुसरा. २०२२ ला अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीत १२,८०६. आणि २०२४ ला इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला तेव्हा २,१८,६७४ लोकांनी नोटा दाबला, तरी विजयी उमेदवाराचं मताधिक्य अकरा लाखांच्या वर. नोटा पहिला आला तरी ज्याला उमेदवारांत जास्त मतं तोच निवडून येतो. डिपॉझिट वाचायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मतं लागतात, त्यातही नोटा धरत नाहीत. आणि बिनविरोध झाली तर नोटा दाबायला मशीनच येत नाही, सुरतला २०२४ मध्ये मतदानच झालं नाही.

पण, आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, महापालिका-नगरपालिका-जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, केंद्राचा नाही, आणि महाराष्ट्राच्या आयोगाने २०१८ च्या नोव्हेंबरात आदेश काढला की महापालिका-नगरपालिकेच्या निवडणुकीत नोटाला सर्वात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. म्हणजे तेच बटण विधानसभेला नुसती नोंद आणि प्रभागात खरंच धाक. त्यातून प्रभागात मतदार कमी असतात, दोन-चार सोसायट्या आणि एक वस्ती ठरवून उतरली तर उमेदवाराची झोप उडते. नोटा वापरायचाच असेल तर इथे वापरा.

अपक्षाचं सांगतो, कारण आपल्यासारख्याला सगळ्यात आधी तोच आठवतो. १९९५ ला महाराष्ट्रात ४५ अपक्ष निवडून आले होते, युतीचं सरकार त्यांच्याच टेकूवर उभं राहिलं. २०२४ ला पूर्ण राज्यातून फक्त दोन आले. मशीनवर नाव पण खाली, आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत, मग अपक्ष, आणि चिन्ह मिळतं शेवटी शेवटी, ते लोकांपर्यंत पोचेपर्यंत प्रचार संपतो. चिन्हाने काय होतं बघायचं असेल तर २०२४ ची साताऱ्याची लोकसभा बघा, तुतारी वाजवणारा माणूस हे एका पक्षाचं आणि नुसती पिपाणी एका अपक्षाची, पिपाणीला ३७,०६२ मतं गेली आणि निकाल लागला ३२,७७१ च्या फरकाने. ती सगळीच मतं चुकून गेली असं मी म्हणणार नाही, पण एवढ्या मतदारांनी त्या अपक्षाचं नाव तरी नीट वाचलं होतं का.

मला अपक्षाबद्दल जास्त खटकतं ते वेगळंच. लोकांना वाटतं पक्ष नाही म्हणजे विकला जाणार नाही. कायदा बघा काय म्हणतो. पक्षाच्या आमदाराला निदान व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, असतो, एकटा फुटला तर पद जाऊ शकतं, म्हणून तर दोन तृतीयांशची जुळवाजुळव करावी लागते, म्हणून तर २०२२ ला शिंदेंसोबतच्या आमदारांचं सुरत आणि गुवाहाटी. अपक्षाने निवडून आल्यावर एखाद्या पक्षात रीतसर प्रवेश केला तर त्याचंही पद जातं, पण प्रवेश न करता नुसता पाठिंबा द्यायला त्याला काहीच आडकाठी नाही, आज इकडे उद्या तिकडे, मंत्रीपद घेतलं तरी चालतं. म्हणजे बदलायच्या बाबतीत पक्षवाल्यापेक्षा अपक्षच मोकळा. शिवाय आपल्याकडचे निम्मेअधिक चर्चेतले अपक्ष म्हणजे तिकीट कापलेले बंडखोर असतात, ते निवडून आले की वळून तिकडेच जातात. म्हणून मी अपक्षाला एकच गोष्ट विचारतो, मागच्या वेळी कुठल्या पक्षाकडे मुलाखत दिली होती? दिली नसेल, आणि पाच वर्षं पाण्याच्या, रेशनच्या, शाळेच्या कामाला माणूस दिसला असेल, तर तो निवडून येवो न येवो मी त्याला देईन. मत वाया जातं वगैरे मला पटत नाही, माझं २०१९ चं मत जिंकलेल्या उमेदवाराला होतं आणि वाया ते गेलं.

राहिला त्यातल्या त्यात बरा. आधी मला हा पर्याय म्हणजे हार मानणं वाटायचं, आता वाटत नाही, फक्त बरा कशावरून हे आपण ठरवायला पाहिजे, भाऊ-दादांच्या बॅनरवरून नाही. प्रत्येक उमेदवाराला शपथपत्र द्यावं लागतं, मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं, आणि ते आयोगाच्या साइटवर कुणालाही दिसतं. मी दर वेळी एकाच माणसाची दोन निवडणुकांची शपथपत्रं शेजारी ठेवतो, पाच वर्षांत काय वाढलं, जमीन कुठे घेतली, व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलंय. अर्धा तास लागतो. भाषणांतून जे कळत नाही ते तिथे कळतं. मग २०१९ ते २०२४ हा माणूस कुठे कुठे होता आणि जाताना मतदारांसमोर येऊन कारण सांगितलं का, हे.

आणि पैशाचा एक प्रश्न समोर विचारायचा. २०२४ च्या नोव्हेंबरात एक मोठा उमेदवार पदयात्रा घेऊन आमच्या गेटवर आला, मी विचारलं की साहेब, महिन्याचे पैसे वाढवणार म्हणता, मग आपल्या स्टँडचं काम निधी नाही म्हणून थांबलंय ते कशातून होणार? त्यांनी नमस्कार केला, हातात पत्रक दिलं, ढोल पुढे गेला. दोन दिवसांनी दुसरा एक आला, सोबत दहाबारा पोरं, गळ्यात उपरणं, घसा बसलेला. त्यालाही तेच विचारलं. तो थांबला, म्हणाला, काका, खरं सांगू का, पैसे नाहीत, मी आलो तरी स्टँड दोन वर्षांत होणार नाही, पण पाण्याच्या लाइनचा प्रस्ताव तयार आहे त्याच्यामागे लागीन. पक्ष त्याचा मला आवडत नाही, आजही नाही. मत त्याला दिलं. पडला तो, बऱ्याच फरकाने.

तर तुमच्यापुरतं बघायचं झालं तर विधानसभा-लोकसभेला मी नोटापेक्षा माणूस शोधायला सांगेन, अपक्ष असो की पक्षाचा, शपथपत्र आणि एक प्रश्न. घरी बसणं तर अजिबात नको. आणि प्रभाग पद्धत असलेल्या महापालिकेत तर आपल्यासारख्यांना खरी संधी आहे जी बरेच जण फुकट घालवतात. मुंबईत एका वॉर्डात एक नगरसेवक, पण पुणे-नाशिकसारख्या ठिकाणी चारचा प्रभाग असतो, अ ब क ड अशा चार जागा, आणि तुम्हाला चार मतं असतात. पक्षवाले सांगतात पॅनलला द्या, चारही बटणं एकाच चिन्हाची दाबा. तसं काही बंधन नाहीये. अ मध्ये कामाची बाई एका पक्षाची, ब मध्ये दुसऱ्याचा, क मध्ये अपक्ष, ड मध्ये सगळेच नको असतील तर नोटा, प्रत्येक जागेला नोटाचं वेगळं बटण असतं. फक्त चारही जागांचं मतदान झाल्याशिवाय ते पूर्ण होत नाही, म्हणून आदल्या रात्री चारी नावं कागदावर लिहून ठेवा, आत गेल्यावर एवढी नावं बघून गोंधळायला होतं आणि मग हात सवयीने ओळखीच्या चिन्हावरच जातो.