जागेच्या हद्दीचे बोर्ड करून घ्यायचे असतील तर ठाण्यातलं हे दुकान

घोडबंदर रोडला ओवळ्याकडे आमची थोडी वडिलोपार्जित जागा आहे. तिथे रात्री डंपर येऊन राडारोडा टाकून जायला लागले, म्हणून हद्दीचे बोर्ड लावायचं घरात ठरलं. ऑनलाइन रेडिमेड बोर्ड बघितले तर सगळ्यांवर लाल अक्षरात एकच "प्रवेश निषिद्ध", ना गट नंबर ना काही. शेवटी ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला मार्केटच्या आतल्या गल्लीत रेडियम आणि नंबरप्लेटचं काम करणारं एक जुनं दुकान आहे तिथे गेले, आणि इतकं मनापासून काम करून मिळेल असं खरंच वाटलं नव्हतं.

काकांनी साइज विचारायच्या आधी विचारलं, "मोजणी झालीय का, क प्रत आणलीय का?" म्हणजे भूमी अभिलेखच्या मोजणीचा नकाशा. तो नसताना पोल रोवला आणि शेजाऱ्याच्या हद्दीत दोन फूट गेला तर बोर्डच भांडणाचं मूळ होतो म्हणाले. मी गावनकाशाची प्रिंट पण नेली होती, ती त्यांनी काउंटरवर पसरली, चष्मा लावला आणि आमच्या गटातून जाणाऱ्या तुटक रेघेवर बोट ठेवलं. "ताई, ही पायवाट आहे. तुटक रेघ एकच असेल तर पायवाट, दोन असतील तर गाडीवाट. हिच्या तोंडाशी बोर्ड उभा करू नका."

मला हेच पाहिजे होतं. त्या वाटेने पाड्यावरच्या बायका पूर्वीपासून मेनरोडला बस पकडायला येतात, माझ्या आजीच्या वेळेपासून, त्यांना कोणी कधी अडवलं नाही आणि आम्हालाही अडवायचं नाही. आणि कायद्यानेही ते सोपं नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षं उघडपणे, हक्काने, विनाअडथळा वापरलेल्या वाटेवर हक्क तयार होतो, आणि शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदाराकडे अर्ज करून अडथळा काढून घेता येतो. तरी आजूबाजूला नवीन प्लॉट घेतलेले लोक पहिलं काय करतात तर वाटेवर काटेरी तार ओढतात, मग म्हाताऱ्या माणसांनी लांबून वळसा घालायचा का? मला याचा फार राग येतो.

मजकुराच्या बाबतीत एक गोष्ट बदलून घ्यावी लागली. दुकानाच्या तयार नमुन्यात अजून जुन्या भारतीय दंड संहितेचं "कलम ४४७ नुसार कारवाई" होतं, पण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात फौजदारी अतिक्रमण कलम ३२९ मध्ये येतं. काकांनी लगेच दुरुस्त केलं आणि इतरांसाठीही नमुना बदलतो म्हणाले. शिवाय नुसतं कोणी आत पाऊल टाकलं की गुन्हा होत नाही, गुन्हा करायचा किंवा धमकावायचा, अपमान करायचा, त्रास द्यायचा इरादा लागतो, त्यामुळे चालणाऱ्या माणसाला पोलिसांची भीती घालणारा बोर्ड मला नकोच होता. आमच्या बोर्डवर वर गट नंबर आणि "खाजगी मालकीची जागा", खाली मोठ्या अक्षरात "राडारोडा, कचरा टाकण्यास व वाहन आणण्यास मनाई", आणि वाटेच्या बाजूला वेगळा छोटा हिरवा बोर्ड, बाण आणि "पायवाट, पायी जाण्यास खुली". हा दुसरा बोर्ड काकांनीच सुचवला.

फ्लेक्स घेऊ नका, खाडीकडून वारा येतो, एका पावसाळ्यात चिंध्या होतात. आम्ही जीआय पत्रा आणि वर रिफ्लेक्टिव्ह रेडियम घेतलं, रात्री गाडीचा लाइट पडला की लांबून चमकतं आणि डंपर येतात रात्रीच, त्यामुळे त्यावर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. पोल लोखंडी अँगलचा, दोन हात रेड ऑक्साइड मारून दिला, बुडाला आडवी पट्टी वेल्ड केलेली म्हणजे काँक्रीटमधून कोणी फिरवून उपटू नये.

तक्रार एकच, सांगितलेल्या तारखेला काम मिळालं नाही, गणपतीच्या आधी मंडळांच्या बोर्डची गर्दी असते तेव्हा ऑर्डर देऊ नका. बसवायला त्यांचा माणूस येत नाही, खड्डा आणि काँक्रीटचं आपलं आपण बघायचं. पार्किंग अजिबात नाही, पोल मोठा असेल तर टेम्पो सकाळी दुकानं उघडायच्या आत आणा. प्रूफ व्हॉट्सअॅपवर पाठवतात, त्यात गट नंबर स्वतः सातबाऱ्याशी ताडून बघा आणि मगच ओके म्हणा.