9.9 हॉर्सपॉवरचं चार-स्ट्रोक आउटबोर्ड : कर्ली खाडीत एक हंगाम वापरल्यानंतर

मागच्या पावसाळ्यानंतर आमच्या 18 फुटी फायबर होडीचं जुनं दोन-स्ट्रोक मशीन काढलं आणि 9.9 हॉर्सपॉवरचं चार-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसवायचं इंजिन, लावलं. जपानी बनावटीचं, दोन सिलिंडरचं, कार्ब्युरेटरवालं, दोरी खेचून सुरू होणारं, हँडलवर चालणारं. अख्खा हंगाम वापरून होडी आता वर ओढली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ब्रँडचं नाव घेत नाही, कारण पुढचं बहुतेक सगळं या ताकदीच्या कुठल्याही मशीनला लागू पडतं.

आमचा वापर असा : मालवणजवळच्या देवबागहून खाडीत गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जायचं, जाळी टाकायची, घरच्या माणसांना आणि सामानाला पलीकडे कोरजाईला सोडायचं, आणि समुद्र शांत असला तर खाडी समुद्राला मिळते त्या संगमाबाहेर किनारा धरून थोडं फिरायचं. म्हणजे खारं पाणी, गाळ, सरकती पुळण आणि उथळ पात्र, सगळं एकाच ठिकाणी. इथे जे मशीन टिकलं ते बाहेर कुठेही टिकेल.

माझं मत आधीच सांगतो. मशीन चांगलं आहे, पैसे वसूल आहेत. पण खाऱ्या पाण्यात त्याचं आयुष्य होडी किनाऱ्याला लागल्यावर पुढच्या अर्ध्या तासात ठरतं. तो अर्धा तास द्यायची तयारी नसेल तर महाग चार-स्ट्रोक घेऊ नका.

दोन-स्ट्रोकवरून आलेल्या माणसाला पहिला फरक जाणवतो तो आवाजाचा. मंद चालीत शेजारच्याशी साध्या आवाजात बोलता येतं. पेट्रोलमध्ये तेल मिसळायची कटकट नाही. जुन्याला लिटरमागे 20 मिली तेल मोजून घालावं लागायचं, इथे तेल वेगळं भरलेलं असतं, फक्त दर वेळी दांडी काढून पातळी बघायची. पूर्ण थ्रॉटलवर तासाला साधारण साडेतीन लिटर पेट्रोल जातं, अर्ध्यावर त्याच्या निम्मं. दोन माणसं असली की होडी उचलून पळते. चार माणसं आणि ओली जाळी असली की वेग निम्म्यावर येतो, आणि तिथे कितीही पिळलं तरी फक्त पेट्रोल जळतं. वजनही जास्त आहे, एकट्याने उचलून फळीवर लावायचं मशीन हे नाही.

बसवताना उंचीकडे नीट बघा. शाफ्ट 15 इंची आणि 20 इंची अशा दोन लांबीत येतो, आणि कुठला हवा हे होडीच्या मागच्या फळीच्या उंचीवर ठरतं. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा बोटभर खाली हवी. वर राहिली तर वळताना पंखा हवा ओढतो, मशीन किंचाळतं आणि होडी जागची हलत नाही. फार खाली गेली तर पाणी उडतं आणि वेग मरतो. फळीवरचे दोन स्क्रू हाताने घट्ट केले म्हणून निर्धास्त राहू नये, कंपनाने ते हळूहळू सैल होतात. आम्ही आरपार बोल्ट मारले आहेत आणि शिवाय एक जाड दोरी मशीनपासून होडीच्या कडीला बांधलेली असते. निघण्यापूर्वी स्क्रूवर हात फिरवून बघणं आता अंगवळणी पडलं आहे.

आता किल स्विचची, म्हणजे मशीन तत्काळ बंद करणाऱ्या बटणाची लाल दोरी. याबद्दल मला मनापासून कळकळीने सांगायचं आहे, कारण आपल्याकडे नव्वद टक्के होड्यांवर ती दोरी मशीनलाच गुंडाळून ठेवलेली दिसते. हँडल धरणारा माणूस पाण्यात पडला की हँडल मोकळं सुटतं. पंख्याच्या ओढीमुळे मशीन एका बाजूला वळतं आणि होडी गोल गोल फिरत त्याच माणसाकडे परत येते, फिरत्या पंख्यासकट. पोहता येऊन तिथे काही उपयोग नाही. दोरी मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवलेली असली तर पडताक्षणी क्लिप निघते आणि मशीन बंद पडतं. आमच्याकडे नियम असा, की दोरी अडकवल्याशिवाय गियर टाकायचा नाही आणि दिवसातून एकदा दोरी ओढून मशीन खरंच बंद होतं का ते बघायचं. आणखी एक क्लिप होडीत खिळ्याला टांगलेली असते. तांडेलच (होडी चालवणारा) दोरीसकट पाण्यात पडला तर मागे राहिलेल्या माणसाला मशीन सुरू करून त्याच्याकडे जाता आलं पाहिजे. आणि पाण्यातल्या माणसाला वर घेताना मशीन न्यूट्रलला ठेवून भागत नाही, पूर्ण बंद करायचं.

मशीन सुरू झालं की पहिली नजर मागच्या पाण्याच्या धारेवर. ही बारीक धार म्हणजे थंड करणारं पाणी आत फिरतंय याची खूण. काकांनी मला लहानपणापासून एकच सांगितलंय, "आधी धार बघ, मगे गियर टाक." काही सेकंदांत धार आली नाही तर लगेच बंद. बहुतेक वेळा कारण साधं असतं : खाली पाणी ओढायच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटलेली, किंवा धारेच्या भोकात वाळू नाहीतर गाळ. भोकात जाड तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) घालून हलवला की मोकळं होतं. तरीही धार बारीकच असेल तर इम्पेलर. ही आतली रबराची पाती पाणी वर ढकलतात, आणि वाळूच्या पाण्यात ती झिजतात. आमच्या पुळणीमुळे एका हंगामात त्यांच्या कडा गोलसर झाल्या आणि पाती एका बाजूला वाकून तशीच राहिली. सुटा भाग फार महाग नाही, दर वर्षी बदलावा असं मी म्हणेन. कोरड्यावर मशीन "फक्त एकदा सुरू करून बघू" असं कुणी म्हणालं तर हात धरा, पाण्याशिवाय ते रबर काही सेकंदांतच जळायला लागतं.

या हंगामातला सगळ्यात त्रासाचा प्रसंग तंगुसाचा. फेब्रुवारीत खाडीत वाहून आलेल्या एका तुटक्या जाळ्यावरून आम्ही गेलो. वर दिसत होतं तेवढं कापून काढलं, मशीन नीट चाललं. पण तंगूस पंख्याच्या मागे शाफ्टवर शिरला की तो बाहेरून दिसत नाही, आणि फिरत फिरत आतलं ऑइल सील, म्हणजे तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी चकती, कापतो. दुसऱ्या दिवशी पिन काढून, नट सोडवून पंखा उतरवला तेव्हा शाफ्टवर तंगुसाचं घट्ट कडं बसलेलं होतं, वितळून चकाकणारं. गियरच्या खालच्या स्क्रूला थोडी ढील दिली, तर आधी दोन थेंब पाणी आणि मग दूध घातलेल्या कॉफीसारखं तेल. पाणी आत गेलं होतं. असं तेल दिसल्यावर मशीन पुढे चालवायचं नाही, गियर आणि बेअरिंग गंजून जातात. सील बदलून नवं तेल भरलं आणि त्यानंतर त्रास नाही. गियरचं तेल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू, नंतर खालचा. वरून ओतलं तर आत हवा राहते. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे घालायचे. जाळी वापरणाऱ्याने पंखा महिन्यातून एकदा तरी उतरवून बघावा आणि बसवताना शाफ्टला मरीन ग्रीस लावावं.

मात्र त्या सीलसाठी विक्रेत्याने आम्हाला कित्येक आठवडे थांबवलं, आणि दिवस ऐन हंगामाचे. मशीन विकताना "सगळे पार्ट ठेवतो" असं सांगितलं होतं. मशीन घेण्यापूर्वी इम्पेलर, सील, स्पार्क प्लग आणि पंखा दुकानात प्रत्यक्ष दाखवा म्हणावं, आणि त्यातला इम्पेलर व वॉशर त्याच दिवशी विकत घ्यावेत. दुसरी तक्रार पुस्तिकेची. सगळं इंग्रजीत. मशीन हाताळणार कोण तर खलाशी, जो मराठी वाचतो. रोजच्या दहा गोष्टी मी मराठीत लिहून, प्लास्टिकमध्ये घालून पेट्रोलच्या टाकीला बांधल्या आहेत. हे कंपनीने करायला हवं होतं.

आता तो अर्धा तास. किनाऱ्यावर आलो की मशीन 200 लिटरच्या पिंपात गोड्या पाण्यावर चालवतो, निदान दहा मिनिटं, न्यूट्रलमध्ये, मंद. पाणी आडव्या पट्टीच्या वर हवं. दोन मिनिटांत उरकून चालत नाही, कारण आतला थर्मोस्टॅट मशीन गरम झाल्यावरच उघडतो आणि तोपर्यंत गोडं पाणी आतल्या वाटांपर्यंत पोचतच नाही. मीठ तिथेच बसतं. पिंप उघड्यावर ठेवायचं, पडवीत नाही, धूर विषारी असतो. शेवटी पेट्रोलची नळी काढून मशीन आपोआप बंद पडू द्यायचं, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. नंतर झाकण काढून आतून ओल्या फडक्याने पुसतो, वाळल्यावर डब्ल्यूडी-40 या गंजरोधक तेलाचा हलका फवारा. मशीन उभंच ठेवतो, सगळं पाणी उतरेपर्यंत. आडवं करायची वेळ आलीच तर कंपनीने खूण केलेल्या बाजूवरच, नाहीतर तेल सिलिंडरमध्ये जातं. होडी पाण्यात नांगरून ठेवत असाल तर मशीन वर उचलून ठेवा.

खाली एक जस्ताचा तुकडा लावलेला असतो, आमच्याकडे त्याला झिंक म्हणतात. खारं पाणी मशीनच्या ॲल्युमिनियमऐवजी आधी त्याला खातं. निम्मा झिजला की बदलायचा, आणि त्याला रंग अजिबात लावायचा नाही. होडी रंगवताना त्यावरही हात फिरवलेली मशीनं मी बघितली आहेत, मग तो असून नसल्यासारखा.

पेट्रोलचा प्रश्न गंभीर आहे. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि माझ्या मशीनच्या पुस्तिकेत मर्यादा 10 टक्क्यांची छापलेली आहे. इथेनॉल हवेतलं बाष्प ओढतं, आणि कोकणच्या दमट हवेत टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलमध्ये पाणी व इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं. मशीन पेट्रोल ओढतं तेही तळातूनच. यावर मी करतो ते एवढंच : आठवड्याला लागेल तेवढंच पेट्रोल आणायचं, टाकी आणि मशीनच्या मध्ये पाणी वेगळं करणारा पारदर्शक वाटीचा फिल्टर लावायचा आणि रबरी नळ्या फुगल्या-चिरल्या का ते बघायचं. पेट्रोलमुळे हंगामभर मशीन अडलं नाही, पण वॉरंटीबद्दल विक्रेत्याकडून लेखी घ्या. टाकी होडीतून खाली उतरवून, जमिनीवर ठेवूनच भरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती होडीच्या तळात साचून राहते. चालताना टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा, उन्हात ठेवताना बंद.

सर्व्हिसचं वेळापत्रक सोपं. पहिले दहा तास सतत पूर्ण थ्रॉटल नाही, वेग कमी-जास्त करत राहायचं. 20 तासांनी इंजिन आणि गियर दोन्हींचं तेल बदलायचं, पुढे दर 100 तासांनी किंवा हंगामाच्या शेवटी, जे आधी येईल ते. इंजिनचं तेल एफसी-डब्ल्यू (होडीच्या चार-स्ट्रोक इंजिनांच्या तेलाची खूण) खुणेचं 10डब्ल्यू-30 जाडीचं, मोटारसायकलचं नको.

संगमावर जाणाऱ्यांसाठी थोडं. ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना समोरून वारा आला की तिथे लाटा उभ्या राहतात, आणि उधाणाच्या दिवसांत जास्तच. अशा जागी मशीन बंद पडलं तर हातात फार वेळ नसतो. म्हणून वल्ही, दोरीसकट नांगर, जादा प्लग, प्लगचा पाना आणि पंख्याची पिन होडीत असल्याशिवाय आम्ही बाहेर पडत नाही. पेट्रोलचा हिशोब जायला एक भाग, यायला एक, आणि एक शिल्लक. तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर मोबाइलमध्ये आणि होडीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहिलेला आहे.

1 जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागली की मशीन घरी. शेवटचं पिंपातलं धुणं जास्त वेळ, कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू काढून उरलेलं पेट्रोल बाहेर, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल आणि दोरी हळू दोन-तीनदा खेचायची. गियरचं तेल पावसाळ्याआधीच बदलायचं, नंतर नाही, आत पाणी असेल तर ते चार महिने तिथेच बसून राहतं. मशीन लाकडी घोडीवर उभं, अंगावर सुती चादर. प्लास्टिक गुंडाळलं तर आत घाम धरतो.

कुणी घ्यावं? खाडीत आणि किनाऱ्यालगत, दोन-तीन माणसांची फायबर होडी चालवणाऱ्याने जरूर घ्यावं. रोज जड जाळी आणि पाच माणसं घेऊन बाहेर जाणाऱ्याला 9.9 कमी पडेल, त्याने 15 किंवा 20 हॉर्सपॉवर बघावं, पण आधी आपल्या होडीची मागची फळी तेवढं वजन झेलते का ते सुताराकडून तपासून घ्यावं.