बी.एड.ची आंतरवासिता: सकाळचं सत्र की दुपारचं?

दुसऱ्या वर्षाची १६ आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, ऐन थंडीत आली की घर सांभाळणाऱ्या बाईपुढे पहिला प्रश्न हाच.

सकाळी सातची शाळा म्हणजे पाचला उठणं. गार पाण्यात हात घालायचा, लेकराला झोपेतच स्वेटर चढवायचा, त्याचा डबा सासूबाईंवर सोपवून निघायचं. जीव तुटतो. पण साडेबाराला सुटका. दुपारी उन्हात बसून पाठ टाचण (तासाचा लेखी आराखडा) निवांत लिहून होतं, उद्याचा तक्ताही तयार होतो.

दुपारच्या सत्रात सकाळी भाकऱ्या सावकाश होतात, एवढंच सुख. घरी पोचेस्तोवर अंधार, मग टाचण रात्री अकराला पेंगत. माझे असे दोन पाठ परत आले. उद्दिष्टं एक सांगत होती, मूल्यमापनाचे प्रश्न भलतेच.

त्यात जानेवारीत सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे सोलापूरची यात्रा. भोगीच्या अक्षता सोहळ्याला (सिद्धेश्वराच्या प्रतीकात्मक लग्नाला) आलेले पाहुणे संक्रांत करूनच जातात, आणि सोलापुरात संध्याकाळी पोरं गड्ड्याला न्यावीच लागतात.

मी सकाळचंच सांगेन, पण पहाटे मूल सांभाळणारं घरात कुणी असेल तरच. नसेल तर दुपारचं घ्या आणि आठवड्याची टाचणं रविवारीच उरका.